रा. खै.

गावाचं नाव पाठीवर मावेना,
भांडण सुरू झालं ते तिथून.
अकरा बनियनं, शुक्रवारचा सामना,
आणि नखीलमधला शिंपी
अक्षरामागे दोन दिरहम मागतो.
रास अल खैमा.
बोटं मोडून हिशेब केला, मोडलेली बोटं तशीच राहिली.

सुकुमारन म्हणाला : आर, ए, के.
सुटं सुटं. पगाराच्या चिठ्ठीवर असतं तसं.
मध्ये टिंबं द्या, टिंबाचे कुणी पैसे घेत नाही.
रेनाटो एका दमात म्हणतो : राक.
तो असं म्हणाला की दामू खळे
ताटावरून उठतो.
तिन्हीसांजेला राख म्हणू नका रे.
राख नाही, राक, आम्ही समजावतो.
आईच्या कानाला तो फरक कोण शिकवणार,
तिनं विचारलं कुठे असतोस, तर सांगू काय?

गुल जमान ट्रेलर चालवतो. त्याला नुसतं खैमा पुरतं.
रास म्हणजे डोकं,
डोकं मालकाकडे असतं, म्हणतो,
आपल्या वाट्याला तंबू.

मी भांडारात.
फरशीच्या खोक्यांवर पत्र्याचा साचा धरून
काळी शाई मारतो दिवसभर.
मी मु. पो. ता. जि.वर वाढलेला माणूस,
सा. न. वि. वि.नं नमस्कार करणारा.
मी म्हटलं, रा. खै.
दोन अक्षरं, दोन टिंबं, चार दिरहम.
सिराज मुकादम हसला.
रा. म्हणजे राहणार ना?
व्हिसा बघ तुझा, मार्चपर्यंत राहणार.

तरी मी हट्टानं लिहीत राहिलो.
हरेश्वर तांडेलचा खोका जहाजानं निघाला :
वाघाचं ब्लँकेट, दुधाची पावडर,
बॅटरी, बायकोसाठी अत्तर, बापासाठी गुडघ्याचं तेल.
पाठवणाऱ्याच्या जागी मी साचा धरला,
आधी गाव, मग खाली नाव.
रा. खै.
हरेश्वर तांडेल.

सुतळीचा काच नेमका तिथं बसला.
रा. घासून गेला, ख चा क झाला,
आणि दाराशी खोका उतरवताना
चष्मा पुसून बापानं मोठ्यानं वाचलं :
कै. हरेश्वर तांडेल.

खोका कुणी उघडला नाही.
इकडे हरेश्वर भट्टीवर, रात्रपाळीला,
फोन कपाटात, कपाटाला कुलूप.
आठ तास तो आपल्या अंगणात मेलेला होता
आणि इथं घाम पुशीत फरशा मोजत होता.
सकाळी बघतो तर त्रेसष्ट कॉल.

हॅलो. मी आहे.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग आई : आहेस तर कुठे आहेस?
सहा वर्षांत तिला त्यानं दुबई सांगितलेलं,
सोपं म्हणून.
त्या दिवशी सगळं म्हणाला. एकेक अक्षर जपून.
रास. अल. खैमा.
आई म्हणाली, एवढं लांब?

मी त्याला तोंड दाखवलं नाही दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी तोच भांडारात आला,
म्हणाला, खोका उघडला म्हणे,
बाबा ब्लँकेट पांघरून बसलेत, उकाड्यात.
आणि तुझी टिंबं तेवढी आवर.

शुक्रवारी बनियनांवर फक्त आकडे.
पैसे वाचले, त्याचा चहा झाला.
नाणेफेकीआधी पंच वही घेऊन आला,
इथलाच म्हातारा, खाडीकाठी होड्या दुरुस्त करणारा.
संघाचं नाव?
सुकुमारननं माझ्याकडे पाहिलं, मी दामूकडे,
रेनाटोनं तोंड उघडलं आणि मिटलं.
म्हातारा थांबला नाही.
उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं पटकन
आणि पान उलटलं.
त्यानं काय गाळलं ते
आम्ही विचारलं नाही.